मेंदूतील गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर जबाबदारीच्या नोकरीवर परतताना

टाके निघाले, डोक्यावरची पट्टी गेली आणि केस बोटभर वाढले, की भेटायला येणारे सगळेच ‘आता अगदी पूर्वीसारख्या दिसता’ असे म्हणू लागतात, आणि नेमक्या याच सुमारास कामावर कधी जायचे हा प्रश्न समोर येऊन उभा राहतो. दिसण्यावरून या प्रश्नाचे उत्तर काढू नये. त्वचेची जखम साधारण दोन-तीन आठवड्यांत भरते. शस्त्रक्रियेसाठी कापून काढलेला आणि टायटॅनियमच्या बारीक पट्ट्या व स्क्रू लावून परत बसवलेला कवटीचा तुकडा सांधायला काही महिने लागतात. ज्या मेंदूवर गाठीचा दाब होता, ज्याला शस्त्रक्रियेच्या वेळी हात लागला आणि ज्याला नंतर सूज आली, त्याचे सावरणे सर्वांत सावकाश चालते आणि त्याची कोणतीही खूण बाहेर उमटत नाही.

माझ्या कपाळाच्या डाव्या बाजूमागून मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणातून वाढणारी गाठ, काढण्यात आली. गाठ साधी होती आणि पुढे रेडिएशन घ्यावे लागले नाही, म्हणजे या आजारात ज्यांना सुदैवी म्हणतात त्यांच्यापैकी मी एक. तरीही पुलांच्या आराखड्यांची गणिते तपासण्याच्या माझ्या कामावर पूर्णपणे रुजू होईपर्यंत जवळजवळ एक वर्ष गेले, आणि त्यातले तीन महिने तरी मी चुकीच्या पद्धतीने परतल्यामुळे वाया गेले. तसे दुसऱ्या कोणाचे होऊ नये, एवढ्यासाठी हे लिहीत आहे. ज्यांच्या कामात सतत निर्णय घ्यावे लागतात, मुदती पाळाव्या लागतात आणि ज्यांच्या चुकीची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, अशांना समोर ठेवून या सूचना लिहिल्या आहेत. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा शब्द यातल्या कोणत्याही सूचनेच्या वरचा मानावा.

या सगळ्या सूचनांच्या मुळाशी एकच माप आहे: आज किती काम झेपले याचा निकाल उद्या सकाळी लागतो. कामाच्या ओढीने, लोकांना भेटल्याच्या आनंदात आणि काही जणांच्या बाबतीत मेंदूची सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी आलेल्या तरतरीमुळे दिवस सहज निभावून जातो, संध्याकाळीही बरे वाटते, आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठताना कळते की कालचा खर्च उद्याच्या खात्यातून झाला होता. या थकव्याची जात वेगळी आहे. साधा थकवा झोपेने जातो, हा पुष्कळदा झोपूनही जात नाही, आणि शरीर ताजे असताना एकटे डोकेच जड पडते. जिद्द वाढवून तो हटत नाही, हे मेहनती माणसाला पटायला फार वेळ लागतो.

तारीख ठरवण्यापूर्वी

कवटी उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर कामावर परतण्यासाठी अनेकांना सहा ते बारा आठवडे सांगितले जातात, परंतु हा आकडा हलक्या कामाच्या सुरुवातीचा समजावा, पूर्ण भाराचा समजू नये. गाठीचा तुकडा तपासणीला गेलेला असतो, त्याचा अहवाल येऊन पुढचे उपचार लागणार की नाही हे कळेपर्यंत कार्यालयाला कोणतीही तारीख देऊ नये. एकदा दिलेली तारीख पुढे ढकलणे हे उशिराची तारीख देण्यापेक्षा कितीतरी अवघड जाते, आणि त्या अवघडलेपणापायीच माणसे तयारी नसताना रुजू होतात.

रेडिएशन घ्यावे लागणार असेल तर ते बहुधा आठवड्यातून पाच दिवस आणि कित्येकदा सहा आठवड्यांपर्यंत चालते. त्याचा थकवा पहिल्या आठवड्यात फारसा जाणवत नाही, तो साठत जातो, शेवटच्या आठवड्यांत वाढतो आणि उपचार संपल्यानंतरही काही आठवडे टिकतो. त्यामुळे ‘रेडिएशन संपले, आता सोमवारपासून येते’ असा बेत आखणे म्हणजे सर्वांत वाईट आठवडा निवडणे होय. टेमोझोलोमाइडच्या गोळ्यांची केमो सुरू असेल तर नंतरच्या टप्प्यात ती साधारणपणे दर २८ दिवसांतले पाच दिवस घ्यायची असते. त्या पाच दिवसांत आणि त्यानंतरच्या काही दिवसांत मळमळ व थकवा अधिक असतो, रक्तातील पेशी बहुधा त्याहून उशिरा, पुढच्या फेरीच्या आधीच्या दिवसांत कमी होऊन तेव्हा जंतुसंसर्गाचा धोका वाढू शकतो, म्हणून मोठ्या बैठका, प्रवास आणि मुदती या दिवसांपासून दूर राहतील अशा बेताने महिन्याचे वेळापत्रक आधीच मांडून घ्यावे.

डॉक्टरांकडे जाताना ‘मी कामावर जाऊ शकते का?’ असा प्रश्न घेऊन जाऊ नये. त्याला ‘जा, पण जपून’ याखेरीज उत्तर मिळत नाही, कारण तुमच्या कामात काय काय येते याची डॉक्टरांना कल्पना नसते. त्याऐवजी कामाच्या एका पूर्ण आठवड्याचे वर्णन अर्ध्या पानावर लिहून न्यावे: किती तास पडद्यासमोर, किती बैठका, किती माणसांशी बोलणे, प्रवास किती, रात्रपाळी आहे का, गाडी चालवावी लागते का, उंचीवर किंवा चालत्या यंत्रांजवळ जावे लागते का, आणि चूक झाली तर ती कोण पकडते. ते वाचून गाठ मेंदूच्या ज्या भागात होती त्याच्याशी यातले काय काय जोडलेले आहे, ते डॉक्टरांना विचारावे. कपाळामागच्या भागाचा संबंध आखणी, कामाची सुरुवात करणे आणि स्वतःला आवर घालणे यांच्याशी असतो. कानशिलामागच्या भागाचा स्मरणाशी आणि, बहुतेकांमध्ये डावीकडे, भाषेशी असतो. डोक्याच्या मागच्या भागाचा पाहण्याशी आणि लहान मेंदूचा तोल व हालचालींच्या नेमकेपणाशी असतो. कानाच्या नसेवरची गाठ काढलेल्याला एका कानाने ऐकू येत नसेल तर चार माणसांच्या गलक्यात कोण कुठून बोलले हे ओळखणेही कष्टाचे होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या, हार्मोन तयार करणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीची शस्त्रक्रिया नाकातून झाली असेल तर बाहेर जखम दिसत नाही, पण हार्मोनचे प्रमाण बिघडले असल्यास त्याचा थकवा खराच असतो आणि त्याला औषधही असते, म्हणून त्या तपासण्या पूर्ण झाल्याखेरीज कामावर निघू नये.

ज्यांचे काम मुख्यतः निर्णयाचे आहे त्यांनी न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून, म्हणजे मेंदूच्या कामाची चाचणी घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडून, लक्ष, स्मरण, विचारांचा वेग आणि आखणी यांची चाचणी करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. या चाचणीला काही तास लागतात आणि ती दमवते, पण तिच्यामुळे ‘मला पूर्वीसारखे सुचत नाही’ या धूसर भीतीच्या जागी नेमकी माहिती येते. माझ्या अहवालात तर्क आणि गणित शाबूत असून दोन गोष्टी एकाच वेळी लक्षात धरण्याची क्षमता कमी झाली आहे असे निघाले, आणि त्या एका ओळीमुळे मला कामाची कोणती बाजू निर्धास्तपणे हाती घ्यावी आणि कोणती बाजूला ठेवावी हे कळले. पुढे सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तुलना करायलाही हा अहवाल उपयोगी पडतो.

मोठ्या माणसांच्या बातम्यांवरून स्वतःला मोजू नये, हेही येथेच सांगते. अमेरिकी सिनेटर जॉन मॅकेन यांच्यावर १४ जुलै २०१७ रोजी शस्त्रक्रिया झाली, ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या अत्यंत आक्रमक कर्करोगाचे निदान झाले, आणि २५ जुलैला ते सभागृहात मत देऊन भाषणही करत होते. त्यांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. परंतु एका दिवशी सभागृहात उभे राहणे ही एक गोष्ट आणि त्यानंतरच्या प्रत्येक सकाळी त्याच भाराखाली उठणे ही दुसरी, आणि ती दुसरी गोष्ट बातमीत येत नाही.

घरच्या घरी तालीम

रुजू होण्यापूर्वी किमान दोन आठवडे घरी कामाची तालीम करावी. त्यासाठी एक साधी वही पुरते. डाव्या पानावर संध्याकाळी त्या दिवशी केलेले डोक्याचे काम वेळेसह लिहावे आणि उजव्या पानावर दुसऱ्या दिवशी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत स्वतःला एक ते पाच यांपैकी गुण द्यावेत, पाच म्हणजे ताजे आणि एक म्हणजे अंथरूण सोडवत नाही. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: ‘मंगळवार, अहवाल वाचन सलग दोन तास, मग फोनवर चाळीस मिनिटे. बुधवार, २. दात घासायचा ब्रश हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे.’ मंगळवारी संध्याकाळी मी घरच्यांना सांगितले होते की आज दिवस फार छान गेला.

तालमीचे काम खऱ्या कामासारखे असावे. कादंबरी वाचणे किंवा मोबाइल पाहणे याला तालीम म्हणता येत नाही. आपल्या विषयातला कठीण मजकूर वाचून त्याचे टिपण करावे, जुनी गणिते पुन्हा सोडवावीत, एखादे पत्र लिहून दुसऱ्या दिवशी ते तपासावे. सुरुवात अर्ध्या तासाने करावी, मध्ये विश्रांती घेऊन दुसरा अर्धा तास जोडावा. सलग चार-पाच सकाळी चार किंवा त्याहून अधिक गुण आले तरच वेळ वाढवावा. गुण उतरले तर एक पायरी खाली यावे, काम पूर्ण बंद मात्र करू नये, कारण अधूनमधून सगळे सोडून देण्याने अंदाज बांधता येत नाही. दुसऱ्या आठवड्यात कार्यालयाला जायच्या वेळी तयार होऊन, ज्या वाहनाने जायचे त्यानेच तिथपर्यंत जाऊन परत यावे. गर्दी, आवाज आणि उन्हाची तिरीप यांतच निम्मी शक्ती जाते, हे पहिल्या दिवशी कार्यालयात कळण्यापेक्षा आधी कळलेले चांगले.

घरातल्या एका विश्वासाच्या माणसालाही याच वहीत लिहू द्यावे. कपाळामागच्या भागाला इजा झाली असेल तर आपल्यातला बदल आपल्यालाच न दिसण्याची शक्यता असते. मी चिडचिडी झाले आहे हे मला अजिबात जाणवत नव्हते. बहिणीने वहीत तारखांसह लिहिले तेव्हा प्रथम राग आला आणि मग तारखा पाहून गप्प बसले.

वरिष्ठांशी आणि सहकाऱ्यांशी बोलणे

आजाराचा पूर्ण तपशील कोणालाही सांगण्याची गरज नसते. सांगायचे ते काम कसे करता येईल याविषयी, आणि तेही आकड्यांत. ‘सर, मला थोडे सांभाळून घ्या’ असे म्हटले की समोरच्याला सहानुभूती वाटते पण काय करायचे ते कळत नाही. त्याऐवजी असे म्हणावे: ‘सर, पहिले चार आठवडे मी आठवड्यातून तीन दिवस, रोज चार तास येईन. या काळात तपासणी करीन, पण अंतिम सही दुसऱ्या कोणाची असावी. बैठकीचे विषय मला आदल्या दिवशी लेखी मिळावेत. चार आठवड्यांनंतर आपण पुन्हा बसून पुढचे ठरवू.’ हेच डॉक्टरांच्या पत्रात यावे आणि बोलणे झाल्यावर ईमेलनेही पाठवावे, म्हणजे वरिष्ठ बदलले किंवा कामाची धांदल वाढली तरी ठरलेले विस्मरणात जात नाही. अनेक देशांच्या कायद्यांत आजारातून उठलेल्या कर्मचाऱ्यासाठी कामात वाजवी बदल करून देण्याची तरतूद असते, आपल्याकडे ती काय आहे याची माहिती मनुष्यबळ विभागाकडून बोलण्यापूर्वीच घेऊन ठेवावी.

सहकाऱ्यांना एका वाक्यात सांगावे आणि तेच वाक्य सर्वांना सांगावे, कारण चार जणांना चार प्रकारे सांगितले की अफवा तयार होतात. मी एवढेच म्हणत असे: ‘डोक्याची शस्त्रक्रिया झाली आहे, प्रकृती सुधारते आहे, सध्या अर्धा दिवस येते आणि एका वेळी एकच काम घेते.’

फिट येण्याची शक्यता असेल तर जवळ बसणाऱ्या किमान दोघांना काय करायचे ते नीट समजावून द्यावे, आणि यात संकोच करू नये. फिट आलेल्या माणसाला दाबून धरू नये, तोंडात काहीही घालू नये, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, एका कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, किंवा एकामागून एक येऊ लागली, तर रुग्णवाहिका बोलवावी. घरच्यांचा आणि डॉक्टरांचा क्रमांक टेबलाच्या खणात चिकटवून ठेवावा.

पहिले आठवडे

माझी सर्वांत मोठी चूक येथे झाली. मी अर्धा दिवस येऊ लागले, पण जबाबदारी पूर्ण घेतली. तास कमी केले म्हणजे भार कमी झाला, असा माझा समज होता. प्रत्यक्षात आठ तासांचे निर्णय चार तासांत कोंबले गेले आणि उरलेले चार तास घरी बसून मी त्यांच्याच विचारात घालवले.

रुजू झाल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी अडीच वाजता एक बैठक होती. सात जण होतो, भिंतीवर एका पुलाच्या पायाचा आराखडा लावलेला होता, प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर चालू होती. तिघे एकदम बोलू लागले. मी वहीत ४५० असा आकडा लिहिला आणि महत्त्वाचा म्हणून त्याभोवती चौकट काढली. पाचेक मिनिटांनी तो आकडा मिलिमीटरचा की किलोन्यूटनचा, म्हणजे लांबीचा की भाराचा, हे मला सांगता येईना. चौकटीच्या चारही रेघा सरळ होत्या, अक्षर नेहमीसारखे वळणदार होते, आणि त्या आकड्याला कसलाच अर्थ उरला नव्हता. मला विचारले तेव्हा मी मान डोलावली. सुदैवाने दुसऱ्या तपासनिसाच्या नजरेस दोन दिवसांनी विसंगती आली. त्या दिवशी घाबरून मी आठवडाभर रजा घेतली, आणि परत आले ती वेगळी मांडणी करून.

ती मांडणी अशी. कामाचे तास, आठवड्यातले दिवस, कामाची काठिण्यपातळी आणि जबाबदारी या चार गोष्टी वेगवेगळ्या आहेत, आणि एका वेळी त्यांतली एकच वाढवावी. वाढवल्यावर दोन आठवडे तिथेच थांबावे, वहीतल्या सकाळच्या गुणांकडे पाहावे, मगच पुढची. सुरुवातीचे दिवस एकाआड एक असावेत, म्हणजे प्रत्येक कामाच्या दिवसानंतर निकाल पाहायला एक मोकळी सकाळ मिळते. जबाबदारी सर्वांत शेवटी परत घ्यावी, हे माझे ठाम मत आहे, कारण तास घरी येताना संपतात आणि जबाबदारी घरी येते.

बैठक हे कार्यालयातले सर्वांत महाग काम असते. तीत ऐकणे, पाहणे, आठवणे, उत्तर तयार करणे आणि चेहरा नीट ठेवणे हे सगळे एकाच वेळी चालते. म्हणून दिवसाला एकच बैठक, तीही सकाळी, आणि शक्यतो अर्ध्या तासाची घ्यावी. दाराकडे पाठ आणि भिंतीला लागून अशी जागा निवडावी, एका कानाने कमी ऐकू येत असेल तर चांगला कान सर्वांकडे राहील असे बसावे. आकडा लिहिताना त्याचे एकक आणि कोणी सांगितला त्याचे नाव त्याच ओळीत लिहावे. बैठक संपताना ‘माझ्याकडे ही दोन कामे आली, बरोबर ना?’ असे मोठ्याने विचारून घ्यावे. हे विचारण्याची मला सुरुवातीला लाज वाटत होती. आता आमच्याकडे सगळेच तसे विचारतात.

शब्द वेळेवर न आठवणे हा त्रास ज्यांना आहे त्यांना घाई केली की तो वाढतो. अशांनी प्रश्न आधी लेखी मागावेत, फोनऐवजी ईमेल वापरावी आणि ‘मला मिनिटभर द्या, सांगते’ हे वाक्य तयार ठेवावे. वाचा-उपचारतज्ज्ञांकडून यावर नेमके व्यायाम मिळतात. नजरेच्या एका बाजूचे दिसत नसेल तर ओळींची सुरुवात किंवा शेवट निसटतो, तेथे पानाच्या कडेला पट्टी ठेवून किंवा पडद्यावर रंगीत रेघ आखून वाचावे आणि रकाने असलेले तक्ते दुसऱ्याकडून तपासून घ्यावेत.

व्यत्ययाचा बंदोबस्त करणे फार गरजेचे असते. पूर्वी फोन घेऊन परत कामाकडे वळायला क्षणभर लागत असेल, तर आता कामाचा धागा सापडायला दहा मिनिटे लागतात. उठण्यापूर्वी किंवा फोन घेण्यापूर्वी ‘इथपर्यंत झाले, पुढे हे करायचे’ अशी एक ओळ लिहून ठेवली की त्यातली बरीच मिनिटे वाचतात. ईमेल दिवसातून दोनदाच उघडावी. अवघड काम सकाळच्या पहिल्या तासात करावे आणि निर्णयाचे उत्तर दुपारनंतर देऊ नये. ‘उद्या सकाळी कळवते’ हे उत्तर जगातल्या बहुतेक प्रश्नांना चालते.

विश्रांती दमल्यावर घ्यायची नसते, दमण्यापूर्वी घ्यायची असते. पाऊण तासाने दहा मिनिटे, घड्याळ लावून, काम कितीही रंगात आलेले असले तरी घ्यावी. या दहा मिनिटांत मोबाइल पाहणे म्हणजे विश्रांती होत नाही. डोळे मिटून, शक्य असल्यास अंधाऱ्या शांत खोलीत बसावे. अशी खोली मिळावी म्हणून रुजू होण्यापूर्वीच मागणी करून ठेवावी.

औषधे, झोप आणि गाडी

सूज कमी ठेवण्यासाठी दिलेले डेक्सामेथॅसोन हे स्टेरॉइड स्वतःच्या मनाने एकदम बंद करणे धोक्याचे आहे. शरीरातले नैसर्गिक स्टेरॉइड तयार होणे त्यामुळे मंदावलेले असते, म्हणून मात्रा डॉक्टर सांगतील त्याच क्रमाने उतरवावी. त्याने झोप उडते, भूक वाढते, रक्तातील साखर चढते, मन अस्वस्थ होते आणि दीर्घकाळ घेतल्यास मांड्यांचे स्नायू दुबळे होऊन खुर्चीतून उठणे आणि जिने चढणे जड जाते. सकाळी घ्यायची गोळी दुपारी उशिरा घेतली तर रात्र जागून जाते. त्यामुळे मोठा निर्णय किंवा वादाचे बोलणे मात्रा बदलण्याच्या आठवड्यात ठेवू नये.

फिट रोखणाऱ्या गोळ्यांची एकही वेळ चुकवू नये. लेव्हेटिरासिटाम बहुधा दिवसातून दोनदा घ्यायचे असते, कार्यालयाच्या घाईत सकाळची वेळ हमखास चुकते, म्हणून मोबाइलवर गजर लावावा आणि एक दिवसाचा जास्तीचा डोस कामाच्या पिशवीत ठेवावा. या गोळीने काहींची चिडचिड वाढते किंवा मन खचते, तसे वाटल्यास स्वतःला दोष देत बसू नये, डॉक्टरांना सांगावे, कारण पर्याय असतात. अपुरी झोप, चुकलेली गोळी आणि मद्य ही फिट येण्याची नेहमीची निमित्ते आहेत. या कारणासाठी पहिले काही महिने रात्रपाळी आणि बदलत्या पाळ्या लेखी पत्राने टाळाव्यात.

गाडी चालवण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत आणि शस्त्रक्रिया, फिट व दृष्टी या तिन्हींवर ते अवलंबून असतात. डॉक्टरांनी आणि परवाना देणाऱ्या यंत्रणेने परवानगी देईपर्यंत, आपल्याला कितीही बरे वाटत असले तरी, गाडीला हात लावू नये. हाच नियम उंचीवरच्या आणि चालत्या यंत्राजवळच्या कामाला लावावा.

डोकेदुखी वाढत चालली, सकाळी उलट्या होऊ लागल्या, ताप आला, जखमेतून किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव येऊ लागला, हातपाय किंवा बोलणे नव्याने अडखळू लागले, किंवा फिट आली, तर ‘हा कामाचा थकवा असेल’ असे म्हणून दिवस संपण्याची वाट पाहू नये. त्याच वेळी उठावे आणि डॉक्टरांशी संपर्क साधावा.

तपासणीचा आठवडा

एमआरआयच्या आदल्या आठवड्यात आणि अहवाल हाती येईपर्यंत लक्ष लागत नाही. हे प्रत्येकाचे होते, वर्षांनंतरही होते. वहीत त्या आठवड्यांचे गुण वेगळ्या शाईने लिहावेत, नाहीतर ताकद कमी झाल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. तपासणीच्या दिवशी आणि अहवालाच्या दिवशी पूर्ण रजा घ्यावी, अर्धा दिवस येऊन काही साधत नाही.

पूर्वीचे काम झेपेनासे वाटले तर

सहा-आठ महिने पायऱ्यापायऱ्यांनी जाऊनही सकाळचे गुण दोनच्या वर येत नसतील, तर प्रथम थकव्याची इतर कारणे तपासून घ्यावीत: औषधांची मात्रा, रक्तातील हिमोग्लोबिन, थायरॉइड व इतर हार्मोन, झोपेचे विकार आणि नैराश्य. यांतील बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे, आणि तो न करता ‘मेंदू आता असाच राहणार’ असे मानून बसलेली माणसे मी पाहिली आहेत. व्यवसायोपचारतज्ज्ञाला (ऑक्युपेशनल थेरपिस्टला) कामाच्या जागी बोलावून एक पूर्ण दिवस पाहायला सांगता आले तर फार चांगले, कारण आपल्या सवयीमुळे न दिसणारा खर्च त्यांना दिसतो.

त्यानंतरही अडचण राहिली तर जागा बदलण्याचा विचार करावा. मेंदूविज्ञानाच्या इतिहासात फिनिअस गेज या कामगारप्रमुखाची गोष्ट सतत सांगितली जाते. १८४८ साली सुरुंगाच्या स्फोटात लोखंडी कांब त्याच्या कवटीतून आरपार गेली, तो वाचला, पण स्वभाव इतका बदलला की मालकांनी त्याला जुन्या जागेवर परत घेतले नाही. गोष्ट बहुधा इथेच संपवतात. पुढे तो चिलीमध्ये कित्येक वर्षे प्रवासी घोडागाडी हाकत होता, म्हणजे ठरलेल्या वेळा, ठरलेला रस्ता आणि तरीही भरपूर कौशल्य लागणारे काम तो करत होता, हा भाग फार थोड्यांना माहीत असतो. त्याची इजा आणि आपली गाठ यांची तुलना होत नाही, पण माझ्या कठीण महिन्यांत हा दुसरा भाग मला फार आधाराचा वाटला. त्याच संस्थेत, त्याच ज्ञानावर उभे असलेले पण व्यत्यय कमी आणि घडी पक्की असलेले काम पुष्कळदा असते: तपासणी, प्रशिक्षण, नियमावली लिहिणे, नव्या माणसांना घडवणे. ते मागताना जुन्या आणि नव्या न्यूरोसायकॉलॉजी अहवालांतली तुलना आणि आपली वही सोबत न्यावी, म्हणजे बोलणे भावनेवर न जाता कामावर राहते.

राजीनामा मात्र फिट आल्यानंतरच्या पंधरवड्यात, स्टेरॉइडची मात्रा बदलत असताना, तपासणीच्या आठवड्यात किंवा केमोच्या पाच दिवसांत लिहू नये. लिहिलाच तर वहीच्या शेवटच्या पानात ठेवावा, आणि चारपेक्षा कमी गुण नसलेल्या एखाद्या सकाळी तो पुन्हा वाचावा. माझा अजून तिथेच आहे.